मी पुस्तक वाचून गेलो

वाचन मंडळात जायचं तर पुस्तक वाचून जावं, असा माझा एक भाबडा समज होता.

त्या महिन्याचं पुस्तक होतं मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’, म्हणजे माणसासारखा प्राणी घडवून तो जिवंत करणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट, आणि चर्चेचा विषय ‘कादंबरी आणि तिच्यावरचे सिनेमे’. मी शहाण्यासारखी पहिल्या पानापासून सुरुवात केली. तिथे ना राक्षस, ना प्रयोगशाळा. कुणी एक वॉल्टन उत्तर ध्रुवाकडे जहाज घेऊन निघालाय आणि बहिणीला पत्रं लिहितोय. एक नाही, चार! दुसऱ्या पत्रानंतर मी मुखपृष्ठ तपासून पाहिलं. पण नेट लावला, आणि पुढे असा अडकलो की दोन रात्री झोपेचं खोबरं झालं. पेन्सिलीने खुणा केल्या, पानोपानी चिठ्ठ्या खोचल्या. चर्चेच्या दिवशी माझं पुस्तक साळिंदरासारखं दिसत होतं. बाकीचे सगळे हात हलवत आले होते. तेव्हाच शंका यायला हवी होती.

सुरुवात एका मॅडमनी केली. “फ्रँकेन्स्टाइन दारातून पाठमोरा येतो आणि मग सावकाश वळतो ना, तिथे लेखिकेला सलाम!”

तो सलाम खरं तर 1931च्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला, जेम्स व्हेलला जायला हवा. पण मी लहान चूक आधी घेतली. “फ्रँकेन्स्टाइन म्हणजे तो शास्त्रज्ञ. त्या प्राण्याला पुस्तकात नावच नाही.”

“बरोबर,” एक काका म्हणाले, “शास्त्रज्ञ म्हणजे हेन्री.”

“व्हिक्टर.”

“व्हिक्टर त्याचा मित्र हो!”

आता हे समजावणार कसं? पुस्तकात शास्त्रज्ञ व्हिक्टर आणि मित्र हेन्री. सिनेमात, का कोण जाणे, दोघांच्या नावांची अदलाबदल झालीय. मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बिचाऱ्याचा घोटाळा झालाय आणि आता तो सिनेमावर ढकलतोय.

मग कुबड्या मदतनिसाचा विषय निघाला. पुस्तकात मदतनीसच नाही, व्हिक्टर सगळं एकट्याने करतो, असं मी म्हणालो. “एवढं काम? एकट्याने?” एका ताईंनी विचारलं. त्या स्वतः कार्यालयात तीन जणांचं काम एकट्या करतात, पण ते असो. पुढे त्या प्राण्याचा हिरवा रंग आला. पुस्तकात कातडी पिवळसर आहे आणि केस काळेभोर, चमकदार; शिवाय तो सिनेमा कृष्णधवल आहे, तुम्हाला हिरवा दिसला कुठे, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. ते चुकलंच. कारण तिथून सूत्रं वकीलसाहेबांनी हाती घेतली.

“म्हणजे तुमच्या मते त्याच्या अंगात वीज सोडत नाहीत?”

“नाही. नोव्हेंबरची रात्र, खिडकीवर पाऊस, विझत आलेली मेणबत्ती. बस.”

“संपूर्ण पुस्तकात वीज नाही?”

मी नको इतका प्रामाणिक माणूस. “एका ओकच्या झाडावर पडते. पण ते फार आधी.”

“पडते!” वकीलसाहेब सभेकडे वळले. “आणि जिवंत करतानाच्या वाक्यात ‘ठिणगी’ हा शब्द आहे की नाही?”

आहे. जीवनाची ठिणगी असा आहे, पण आहे. त्या वाक्याखाली माझीच पेन्सिलीची रेघ होती. साळिंदराचा काटा मलाच टोचला.

तरी एक शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, निदान एवढं तरी ऐका: तो नुसता गुरगुरत नाही. एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून ऐकत ऐकत तो भाषा शिकतो. सहा प्रकरणं सलग बोलतो. आणि काय बोलतो! मला असं रचलंस आणि टाकून दिलंस, असं रचणाऱ्याला तोंडावर सुनावतो. आणि तो मिल्टन वाचतो हो, इंग्रजी महाकवी मिल्टन!

हशा पिकला. डोळे पुसत मॅडम म्हणाल्या, “राक्षस मिल्टन वाचतो!” (मी स्वतः मिल्टन वाचलेला नाही, ही आणखी एक शरम. ती त्या दिवशी झाकून ठेवली.)

अध्यक्षीणबाई मात्र मायाळू. चर्चा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “मनाला लावून घेऊ नका. संक्षिप्त आवृत्त्यांत असे घोळ असतातच. महत्त्वाचा भागच गाळतात मेले.”

मी साळिंदर पुढे केलं. त्यांनी ते न उघडताच थोपटलं.

“पुढच्या महिन्यात जरा मूळ पुस्तक बघून या हं.”

सहा प्रकरणं बोलणाऱ्या त्या प्राण्याला पडद्यावर नुसत्या गुरगुरण्यावर का भागवावं लागलं, ते मला त्या क्षणी नीट उमगलं. माझ्याही तोंडून तेवढंच निघालं.

“हं.”