विश्वस्ताने आधी नोंदवही मागावी

काल मास्तर कट्ट्यावर एक पत्र घेऊन आले. एका लहानशा वस्तुसंग्रहालयाचा आणि त्याला जोडलेल्या अभिलेखागाराचा कारभार पाहणाऱ्या धर्मादाय न्यासाने त्यांना विश्वस्त होण्याची विनंती केली होती. पत्रात त्यांच्या अध्यापनाचा गौरव होता, वर्षातून चार बैठकांना यावे लागेल असे लिहिले होते आणि मानधन नसल्याचेही स्पष्ट केले होते; मात्र विश्वस्त म्हणून नेमके काय करायचे याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. “होकार कळवू का?” एवढेच मास्तरांनी विचारले, आणि त्यावर सुरू झालेली चर्चा अंधार पडला तरी मिटली नाही. ती मला महत्त्वाची वाटली, म्हणून आठवते तशी लिहून ठेवतो आहे.

पहिले बोलले ते आमचे सीए मित्र. त्यांच्या मते अशा मंडळांवर इतिहासाची आवड असलेली माणसे पुष्कळ असतात, पण ताळेबंद शेवटच्या पानापर्यंत वाचणारा एखादाच असतो. “मास्तर, संस्थेच्या डोक्यावर कोणकोणती देणी आहेत हे आधी विचारा,” असे म्हणून त्यांनी इंग्लंडमधल्या वेजवूड संग्रहालयाची हकिगत सांगितली. जोसाया वेजवूडने १७५९ साली सुरू केलेल्या मातीकामाच्या उद्योगाचा अडीचशे वर्षांचा वारसा, म्हणजे भांडी, नमुने, साचे, पत्रे आणि हिशेबाच्या वह्या, हे सारे या संग्रहालयाच्या न्यासाकडे होते. २००८ साली बार्लस्टनला नवी इमारत उघडली आणि २००९ साली देशातला मानाचा आर्ट फंड पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षाच्या आरंभी मूळ उद्योगसमूह दिवाळखोरीत गेला होता. समूहाच्या निवृत्तिवेतन योजनेत सुमारे सात हजार सभासद होते आणि त्यांतले संग्रहालयाचे कर्मचारी अवघे पाच होते. मात्र अशा सामाईक योजनेत बाकीचे मालक कोसळले, तर जो उभा राहतो त्याच्यावर साऱ्या तुटीचा भार पडतो, असा तिथला कायदा होता. पाच माणसांच्या निमित्ताने १३ कोटी ४० लाख पौंडांचे देणे न्यासाच्या गळ्यात आले, २०१० साली न्यास प्रशासकाच्या ताब्यात गेला, आणि डिसेंबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाने हा संग्रह विकून देणी भागवता येतील असा निर्णय दिला.

“कोणाच्याही बाजूने लबाडी नव्हती,” सीए म्हणाले. “त्या पाच नावांचा अर्थ काय होतो, हा प्रश्न मंडळासमोर वेळेवर आणि ठामपणे यायला हवा होता. असे प्रश्न विचारायला हिशेब कळणारा माणूस लागतो.”

यावर ताईंनी हरकत घेतली. ताईंनी तीस वर्षे अभिलेखागारात काढली आहेत आणि त्या सहसा आवाज चढवत नाहीत. “देणे आले हे खरे, पण देणे आले म्हणून संग्रह का गेला? शाळेची बस कर्जात बुडाली तर शाळेतली मुले जप्त होत नाहीत.” उत्तर वकीलसाहेबांनी दिले. संग्रहालय चालवणारा न्यास म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक कंपनीच होती, आणि ती कंपनी व तिच्याकडचा संग्रह यांच्यात कागदोपत्री भिंतच नव्हती. संग्रहाचा बहुतांश भाग कंपनीच्याच मालकीचा आहे, तो तिने विश्वस्त या नात्याने इतर कोणासाठी वेगळा धरलेला नाही, असे न्यायालयाला दिसले. म्हणून तो देणी भागवण्याच्या हिशेबात आला. संग्रह स्वतंत्र न्यासाच्या नावे असता आणि रोजचा कारभार, नोकरदार, भाडी, करार हे सारे दुसऱ्या संस्थेकडे असते, तर खटल्याचे चित्र वेगळे झाले असते. अखेर २०१४ साली आर्ट फंड या धर्मादाय संस्थेच्या पुढाकाराने १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे राहिले, त्यांतली शेवटची रक्कम सामान्य लोकांनी महिनाभरात जमवली, आणि संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीचा होऊन बार्लस्टनलाच राहिला. जी वस्तू लोकांसाठीच जपली जात होती ती लोकांनी पुन्हा पैसे देऊन सोडवली, याचे मला समाधान वाटते आणि त्याहून जास्त वाईट वाटते.

खरा वाद मात्र मास्तरांच्या पुढच्या प्रश्नावर पेटला. पैसे संपले आणि संस्था बंद पडायची वेळ आली, तर विश्वस्तांनी एखादी मौल्यवान वस्तू विकावी की नाही? सीए लगेच हो म्हणाले. इमारतच गळू लागली तर आतल्या शंभर वस्तू खराब होतील, मग एक देऊन नव्व्याण्णव वाचवल्या तर काय बिघडले, असे त्यांचे म्हणणे होते. ताईंनी अमेरिकेतल्या बर्कशायर म्युझियमचे उदाहरण काढले. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या या संग्रहालयाच्या विश्वस्तांनी २०१७ साली चाळीस कलाकृती विकायचे ठरवले. त्यांत नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने स्वतः भेट दिलेली दोन चित्रे होती. रॉकवेलचे मुलगे न्यायालयात गेले, संग्रहालयांच्या संघटनांनी जाहीर निषेध केला. तरीही २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मार्ग मोकळा केला. विश्वस्तांची बाजू अशी होती की तूट वर्षानुवर्षे साचत आली आहे आणि संस्था टिकवणे हेच आपले पहिले कर्तव्य आहे.

“म्हणजे न्यायालयाने माझेच म्हणणे मान्य केले,” सीए म्हणाले.

“कायद्याला चालले. ज्याने विश्वासाने चित्र हातात ठेवले त्याला ते चालले असते का?” ताईंचा आवाज इथे चढला. “आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता सांगते की वस्तू काढलीच, तर तिचे पैसे संग्रहासाठीच वापरावेत. पगार आणि छप्पर यांसाठी एकदा विक्री केली की पुढच्या वर्षीच्या तुटीला मंडळ पुन्हा भिंतीवरच्या चित्रांकडे पाहू लागते. शिवाय उद्या देणगी द्यायला आलेला माणूस विचारेल, माझ्या आजीची पत्रे तुम्ही कधी विकाल?”

या प्रश्नावर मी ताईंच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. विक्री हा विश्वस्तांचा अधिकार असेलही, पण ज्या मंडळाने दहा वर्षे तूट पाहिली आणि अकराव्या वर्षी चित्र उतरवले, त्याने दहा वर्षे आपले काम केले नाही असे मी म्हणेन. सीएंना मात्र हे पटले नाही, आणि त्यांचा एक मुद्दा मलाही खोडता आला नाही: प्रत्येक वस्तू कायमची ठेवायची असेल तर ती घेतानाच नाही म्हणायला मंडळाने शिकले पाहिजे.

वकीलसाहेबांनी मग कागदांचा विषय आणखी पुढे नेला. जुन्या संस्थांत कोणीतरी पेटी आणून ठेवतो आणि जातो. ती देणगी होती की फक्त सांभाळायला दिली होती, हे चाळीस वर्षांनी वारस दारात उभे राहिले की कोणालाच सांगता येत नाही. पत्राचा कागद संस्थेचा असला तरी मजकुराचा प्रताधिकार (कॉपीराइट) बहुधा लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडेच राहतो, ही गोष्ट अनेक विश्वस्तांच्या गावीही नसते. मास्तर हे सारे पत्राच्या पाठीमागे टिपून घेत होते.

त्यानंतर ताईंनी जे सांगितले ते मला सर्वांत जवळचे वाटले. एका संस्थेत त्या पहिल्यांदा भांडारात गेल्या, तेव्हा त्यांनी नोंदवहीतला कोणताही एक क्रमांक निवडला आणि ती वस्तू शोधायला घेतली. नोंद होती, “पत्रे, एक पुडके.” ‘स्थान’ या रकान्यात जुन्या कपाटाचा क्रमांक होता आणि ते कपाट केव्हाच मोडीत निघाले होते. दोन दिवसांनी पुडके सापडले ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी. टाचणी गंजून वरच्या चार कागदांवर तपकिरी डाग उतरला होता, आणि नोंदीत आकडा नसल्यामुळे मूळ पत्रे किती होती हे कळण्याचा मार्गच नव्हता. “त्यातले एखादे पत्र कोणी नेले असते, तर चोरी झाली हेसुद्धा आम्हाला सिद्ध करता आले नसते. त्या वर्षीच्या चारही बैठकांत चर्चा झाली ती प्रवेशद्वारावरच्या फलकाची.”

हे लहान संस्थांपुरते आहे असे कोणी समजू नये. ब्रिटिश म्युझियमच्या मंडळावर पंचवीसपर्यंत विश्वस्त असू शकतात आणि संग्रह किमान ऐंशी लाख वस्तूंचा आहे. तिथल्या भांडारातून सोन्याचे दागिने, कोरीव खडे, काचेच्या वस्तू नाहीशा झाल्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाले; हरवलेल्या, चोरीला गेलेल्या वा खराब केलेल्या वस्तूंचा अंदाज पुढे सुमारे दोन हजारांवर गेला. डेन्मार्कमधल्या एका पुरावस्तू व्यापाऱ्याने २०२१ सालीच सावध केले होते आणि त्याला सारे ठीक असल्याचे उत्तर मिळाले होते. संचालकांनी राजीनामा दिला. नंतर संग्रहालयाने पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाची नोंद ऑनलाइन आणण्याचे ठरवले, आणि त्यासाठी सुमारे चोवीस लाख नोंदी नव्याने चढवाव्या किंवा सुधाराव्या लागणार असल्याचे सांगितले. ज्या वस्तूची धड नोंद नाही ती गेली तरी ओरड होत नाही, हे ताईंच्या पुडक्याने आणि त्या भांडाराने सारखेच दाखवले आहे.

विश्वस्तांनी किती वर्षे राहावे यावरही थोडे बोलणे झाले. इंग्लंडमध्ये साधारण नऊ वर्षांनंतर थांबण्याची शिफारस आहे. ताईंना जुनी आठवण हरवण्याची भीती वाटते, तर वकीलसाहेबांचे म्हणणे असे की जी आठवण एकाच माणसाच्या डोक्यात आहे ती संस्थेची नव्हेच.

शेवटी मास्तरांनी पत्र उलटे करून स्वतःची टिपणे वाचून दाखवली: न्यासपत्राची प्रत, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण, संग्रह कोणाच्या नावे आहे याचा कागद, आणि नोंदवहीतल्या दहा वस्तू प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी. हे मिळाल्यावरच उत्तर कळवीन, असे ते लिहिणार आहेत. सीएंनी त्यात निवृत्तिवेतनाचे कलम घालायला लावले. ताईंनी भांडारात जाताना खिशातले पेन दारातच ठेवायला आणि शिसपेन्सिल न्यायला सांगितले.