माझदाचं कौतुक आणि माझदाच्या तक्रारी : टोरोंटोच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून नुसते आभार मानून मोकळं होण्यापेक्षा नीट उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : माझदा या जपानी मोटार कंपनीवरच्या माझ्या लेखात हिरोशिमा आहे, रोटरी इंजिन आहे, माझदाने जिंकलेली १९९१ची ल माँची चोवीस तासांची शर्यत आहे, पण गंजलेले पत्रे नाहीत, बसलेली इंजिनं नाहीत आणि वॉरंटीसाठी खेटे घालणारे मालकही नाहीत. रोटरीचा हट्ट कंपनीने केला, भुर्दंड ग्राहकाने भरला. मी मेलबर्नला राहतो, इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, म्हणून मला सगळं छान दिसतं. आणि शेवटी, माझा लेख वाचून तुमचा भाचा जुनी आरएक्स-८, म्हणजे माझदाची रोटरी इंजिनाची गाडी, घ्यायला निघाला आहे, त्याला आता काय सांगायचं?

भाच्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण त्याचं उत्तर बाकीच्या मुद्द्यांमधून निघतं, म्हणून ते शेवटी.

'बॉम्बची गोष्ट सांगून गाड्या विकतात' हे तुमचं वाक्य मला अजिबात पटलं नाही. ही कंपनी १९२० साली हिरोशिमात बुचाचं सामान बनवण्यासाठी निघाली, पुढे जुजिरो मात्सुदा यांनी ती यंत्रांकडे वळवली आणि १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाड्या काढल्या. ६ ऑगस्ट १९४५ हा मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. कारखाना शहराच्या पूर्वेला, मध्ये हिजियामा टेकडीचा आडोसा, त्यामुळे इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. माणसं मात्र गेली, मात्सुदांचा स्वतःचा मुलगाही गेला. कारखान्याच्या काही भागात प्रांताचं सरकारी कार्यालय आलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनायला लागल्या, कारण उद्ध्वस्त झालेल्या शहराला सामान वाहायला काहीतरी हवंच होतं. हे जाहिरातवाल्यांनी रचलेलं नाही. आणि मी ते लेखात घेतलं ते डोळ्यांत पाणी आणण्यासाठी नाही. ही कंपनी हिरोशिमातच राहिली, टोयोटा-निस्सानच्या मानाने कायम लहान राहिली, आणि पुढचे सगळे बरेवाईट निर्णय त्या लहान असण्यातून आले. तुमच्या तक्रारींची पाळंमुळंही तिथेच आहेत.

रोटरीचंच घ्या. १९६०च्या सुमाराला जपानच्या व्यापार मंत्रालयाच्या मनात होतं की लहानसहान मोटार कंपन्या मोठ्यांमध्ये विलीन कराव्यात. आपल्याकडे कुणाकडेच नाही असं काही नसेल तर आपण गिळले जाणार, हे त्या वेळचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना कळत होतं. म्हणून १९६१ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी वांकेल, म्हणजेच रोटरी, इंजिनाचा करार झाला. केनइची यामामोतो आणि त्यांचे सत्तेचाळीस इंजिनिअर कामाला लागले. या इंजिनात पिस्टन नसतो : शेंगदाण्याच्या टरफलाच्या आकाराची पोकळी, तिच्यात फिरणारा त्रिकोणी रोटर, आणि रोटरच्या तिन्ही टोकांना पोकळीच्या भिंतीला घासत जाणारी सील. ही सील थरथरायची आणि भिंतीवर ओळीने चरे पाडायची. त्यांना हे लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची सील सापडली तेव्हा कुठे १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली.

त्याच वर्षी एनएसयूनेही आपली रोटरी गाडी, रो ८०, बाजारात आणली. तिची इंजिनं इतकी आणि इतक्या लवकर जायला लागली की वॉरंटीच्या खर्चाने एनएसयूचं कंबरडं मोडलं आणि १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. ज्यांची मूळ कल्पना, ते बुडाले. माझदा टिकली, कारण तिने दुखण्याचं मूळ सोडवून मग गाडी विकली. तुम्ही याला हट्ट म्हणता, म्हणा. पण त्या वेळी ग्राहकाच्या गळ्यात अर्धवट माल मारला नव्हता, एवढं तरी श्रेय द्यायला हवं.

भुर्दंडाचा मुद्दा मात्र १९७३ नंतर खरा होतो. तेलाचे भाव भडकले आणि रोटरी पेट्रोल पिते हे सगळ्या अमेरिकेला कळलं. विक्री कोसळली, कंपनी डबघाईला आली, सुमितोमो बँकेने हात दिला. कारखान्यातले कामगार विक्रेत्यांकडे पाठवून दारोदार गाड्या विकायला लावले. इंजिनिअरांनी इंधनाचा खप चाळीस टक्क्यांनी सुधारण्याचं लक्ष्य घेतलं आणि १९७८ला आरएक्स-७ ही रोटरीची स्पोर्ट्स गाडी आली. फोर्डने माझदात २५ टक्के भाग घेतला तो पुढच्या वर्षी.

आता ल माँ. 'शर्यत जिंकलेल्या इंजिनाचा घरच्या गाडीला काय उपयोग?' हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण मालकांचे अनुभव इतके दोन टोकांचे का, याचं उत्तर त्यातच आहे. ती शर्यत जिंकणारी माझदाची ७८७बी चोवीस तास पळाली, कारण रोटरीला तसंच पळणं मानवतं : एकदा तापलं की तापलेलं ठेवायचं, इंजिनाच्या फेऱ्या चढ्या ठेवायच्या. घरची आरएक्स-८ काय करते? सकाळी गॅरेजमधून बाहेर काढली, दुसऱ्या गाडीला वाट दिली, लगेच बंद केली. थंड इंजिनात जळून न गेलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, सील नीट बसत नाहीत, दाब उतरतो, प्लग ओले होतात आणि गाडी पुन्हा चालू होत नाही. शिवाय या इंजिनात सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल मुद्दाम आत सोडलेलं असतं, ते पेट्रोलबरोबर जळतं. म्हणजे ऑइल कमी होणं हा बिघाड नाही, ते मधूनमधून बघून भरत राहणं हे मालकाचं काम आहे. ज्याला हे माहीत होतं त्याची गाडी चालली. ज्याने ती चारचौघांच्या गाडीसारखी वापरली त्याचं इंजिन बसलं. दोघेही खरं बोलतात.

कंपनीवरचा माझा खरा आक्षेप इथे आहे, आणि तो तुमच्या आक्षेपापेक्षा वेगळा आहे. वेगळं इंजिन बनवलं यात गुन्हा नाही. पण हे इंजिन मालकाकडून वेगळ्या सवयी मागतं, हे शोरूममध्ये तोंडाने सांगायला हवं होतं. अमेरिकेत माझदाने नंतर आरएक्स-८च्या इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. चांगलं केलं. पण तोवर कित्येकांचा विश्वास उडाला होता.

हीच गोष्ट डिझेलच्या बाबतीत पुन्हा घडलेली दिसते. २०१२च्या सीएक्स-५ पासून आलेलं स्कायॲक्टिव्ह डिझेल मला इंजिनिअरिंग म्हणून आजही थोर वाटतं. डिझेल असून कॉम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबली जाते ते) फक्त १४, त्यामुळे इंजिन हलकं आणि आवाज कमी. पण धुराड्यातल्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला ते जादा डिझेल आत सोडतं, आणि गाडी रोज शाळा, बाजार, घर एवढीच फिरत असेल तर ते जाळणं अर्ध्यावर तुटतं आणि डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. या गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बाहेर काढून बघा. नेहमीच्या कमी-जास्तीच्या खुणांच्या वर एक फुलीची खूण असते. ऑइल तिथवर चढलं तर ताबडतोब बदलायचं. इतर गाड्यांत ऑइल कमी होतंय का ते बघतात, इथे वाढतंय का ते बघायचं! खूण काडीवर आहे, पुस्तकात आहे, पण गाडीची किल्ली हातात देताना ती कितीजणांना दाखवली असेल? हायवेवर रोज लांब जाणाऱ्याला हे डिझेल वर्षानुवर्षं त्रास देत नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने ते घेऊच नये.

गंजाबद्दल तुमच्याशी वाद नाही. पहिल्या पिढीच्या माझदा ३ला आणि त्या काळच्या माझदा ६ला मागच्या चाकावरच्या कमानीत गंज लागतो, हे कॅनडापासून ब्रिटनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आतला आणि बाहेरचा पत्रा जिथे दुमडून जोडलाय तिथे मिठाचा चिखल साचतो आणि रंगाखाली फोड येतात. फोड दिसला म्हणजे आतून पत्रा बराच खाल्लेला असतो. पण मेलबर्नला मीठ नाही म्हणून आम्ही सुखात, हे खरं नाही. आमच्याकडे ऊन आहे. २०१०च्या आसपासच्या माझदा ३चे डॅशबोर्ड उष्ण-दमट भागांत चिकट होऊन आरशासारखे चकाकायला लागले, समोरच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब पडायचं. माझी स्वतःची पेट्रोलवरची माझदा ३ त्यानंतरची आहे आणि ती मला सुखाने नेते-आणते. पण एका मालकाच्या समाधानावरून कंपनीला प्रशस्तिपत्र द्यायचं नसतं, आणि ते मी लेखातही दिलेलं नाही.

मालकांना मिळालेल्या वागणुकीबद्दल तर तुम्ही लिहिलंत त्यापेक्षा जास्त पुरावा माझ्या देशात आहे. इथल्या ग्राहक आयोगाने माझदा ऑस्ट्रेलियाला न्यायालयात खेचलं. नऊ ग्राहक, सात गाड्या. चालत्या गाडीची ताकद अचानक जाणं, पुनःपुन्हा दुरुस्ती, एका गाडीत तर तीनदा इंजिन बदललं. कायद्याप्रमाणे एवढा मोठा बिघाड असेल तर पैसे परत किंवा नवी गाडी मागायचा हक्क ग्राहकाचा. कंपनी त्यांना सांगत राहिली की आणखी एकदा दुरुस्ती करू, नाहीतर थोडेसे पैसे घ्या. २०२१ साली फेडरल न्यायालयाने हे दिशाभूल करणारं ठरवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड बसला. त्याच वर्षी जूनमध्ये जपानमध्येही प्रमाणपत्रांच्या चाचण्यांतली लबाडी उघड झाली. टोयोटा, होंडा, सुझुकी, यामाहा यांच्याबरोबर माझदाही त्यात होती. काही मॉडेलांच्या धडक-चाचणीत एअरबॅग गाडीच्या सेन्सरने उघडायला हवी होती, ती बाहेरून टायमर लावून उघडली होती. मला याचा मनापासून संताप येतो. याच कंपनीने २००१ साली अमेरिकेत एमएक्स-५ या स्पोर्ट्स गाडीची ताकद जाहिरातीत जास्त छापली गेल्याचं लक्षात आल्यावर गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली होती. म्हणजे सरळ कसं वागायचं हे त्यांना माहीत आहे.

तरीही 'माझदा घेऊच नका' हे तुमचं वाक्य मी मान्य करणार नाही. बाकीच्या कंपन्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेलं ऑटोमॅटिक) आणि लहान टर्बो इंजिनांच्या मागे लागल्या तेव्हा माझदाने साधं सहा गिअरचं ऑटोमॅटिक आणि बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षं तेच ठेवून घासूनपुसून घेतलं. २०२० साली अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने विश्वासार्हतेत तिला टोयोटा आणि लेक्ससच्याही वर, पहिला क्रमांक दिला. मग २०२३ला सीएक्स-९० आली : नवं सहा सिलिंडरचं इंजिन, नवा गिअरबॉक्स, नवा सांगाडा, सगळं एकदम. आणि पहिल्याच गाड्यांवर तक्रारी आणि रिकॉल (दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) सुरू झाले. लहान कंपनीला मोठ्यांइतकी वर्षं आणि पैसा चाचण्यांवर घालवता येत नाही, तेव्हा उरलेली चाचणी पहिले मालक करतात. म्हणून माझं मत असं की माझदाची गाडी घ्यावी ती तिसऱ्या-चौथ्या वर्षीची, पहिल्या वर्षीची कधीच नाही.

(एका वाचकाने विचारलंय की भारतात धावणारी स्वराज माझदा हीच का. हो. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांनी १९८३ साली मिळून ती कंपनी काढली होती. २०११ साली तिचं नाव एसएमएल इसुझू झालं. तिच्या मिनीबसमधून शाळेत गेलेले पुष्कळजण हे वाचत असतील.)

आता भाचा. रोजच्या ये-जा करण्यासाठी ती एकच गाडी असणार असेल, तर त्याला नाही म्हणून सांगा, आणि माझं नाव पुढे करा. घरात दुसरी गाडी असेल आणि त्याला खरोखरच हौस असेल, तर पैसे देण्याआधी रोटरीचं काम करणाऱ्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्यायचं. साधा गेज चालत नाही, तो तीन बाजूंपैकी फक्त सगळ्यात जास्त दाब दाखवतो. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो, तो दोन्ही रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे देतो. मिनिटाला २५० फेऱ्या असताना ६८० किलोपास्कलच्या खाली एकही आकडा असेल तर ते इंजिन उघडायलाच झालंय असं धरा. विक्रेत्याला आधीच बजावा की गाडी तापवून ठेवू नका, आणि थंड कशी चालू होते ते बघा. मग अर्धा तास चालवून, बंद करून, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. गरम असताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला तर सील गेली. ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइल कधी बदलल्या त्याची पावती मागा. आणि टोरोंटोची गाडी आहे, तेव्हा लिफ्टवर चढवून खालचा पत्रा बघितल्याशिवाय सौदा करू नका.

टेस्टरचे सहा आकडे हातात आले की इथेच खाली लिहा. मी बघून त्याच दिवशी कळवतो.