उरलेला ठिपका

मी नकाशे काढतो. घरांचे. तीस वर्षं झाली. देवघर ईशान्येला, संडास पाहुण्यांना दिसणार नाही असा, आणि जिना मालकाचा मेहुणा सांगेल तिथं. एवढ्या पुण्याईवर परवाच्या रविवारी मला अमेरिकेतल्या एका नव्या रोलर कोस्टरचा पंच नेमण्यात आलं.

भाचा आणि त्याचे दोन दोस्त सोळा ए-फोर कागद सेलोटेपनं जोडून घेऊन आले आणि हॉलमधल्या चादरीवर पसरून बसले. चादर सोलापुरी, त्यामुळे कोस्टरच्या एका कोपऱ्यातून मोर डोकावत होता.

"मामा, लीक झालेला प्लॅन हाय. खरा का खोटा, तेवढं सांगा फक्त."

'फक्त' या शब्दानं माझ्या धंद्यात भली भली माणसं बुडाली आहेत.

ही पोरं कोस्टरची भक्त. तिघांपैकी खऱ्या कोस्टरमध्ये बसलेला एकच, लांब्या. खोपोलीजवळच्या इमॅजिकात नायट्रोमध्ये. उतरल्यावर अर्धा तास बाकावर आडवा होता म्हणे, त्यामुळे त्याच्या मताला वजन. बाकी दोघांची मजल संक्रांतीला आमच्या सोलापूरच्या गड्डा जत्रेत होम मैदानावर लागणाऱ्या ड्रॅगनच्या गाडीपर्यंत. तिचा प्लॅन आजवर कुणी मागितलेला नाही.

तिकडं मात्र पार्कला काही उभारायचं तर स्थानिक कचेरीत नकाशा द्यावा लागतो, आणि तो कुणालाही बघता येतो. पार्कनं घोषणा करायच्या आत भक्तमंडळी तो हुडकून काढतात आणि भांडायला बसतात. माझा नकाशा एकदा मंजूर झाल्यावर मालकानं पुन्हा उघडून बघितल्याचं मला आठवत नाही. गवंडी तर मुळातच बघत नाही.

पहिलं भांडण उंचीवरून. कागदावर १९९ फूट.

"म्हणूनच खरा हाय बे," चष्मेवाला म्हणाला. "तिथं २०० फुटांच्या वर गेलं की विमान खात्याला कळवावं लागतंय. तो ताप नको म्हणून एक फूट खाली."

"एवढे पैसे घालणारा माणूस एका फुटाला भितोय होय? उगं काय बी."

इथं मला मत होतं. उंची आणि विमान हा विषय सोलापूरकराला शिकवावा लागत नाही. होटगी रोडच्या विमानतळाला आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, ती खाली बसताना आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर बघितली आहे. मी १९९ च्या बाजूनं कौल दिला.

लगेच लांब्यानं इंग्लंड काढलं. तिथल्या ऑल्टन टॉवर्स पार्कला झाडांच्या शेंड्यांवर जायची परवानगी नाही, म्हणून १९९४ सालच्या नेमेसिस कोस्टरसाठी त्यांनी खडक फोडून खड्डा केला आणि कोस्टर त्यात बसवला. नियमासाठी जमिनीत घुसणारा मालक! माझे मालक दोन मजल्यांची परवानगी घेतात आणि तिसऱ्याला 'पत्र्याची शेड' म्हणतात. मी त्या इंग्रजाला मनातल्या मनात हात जोडले.

मग लूप, डबा उलटा होऊन जातो तो फेरा. बाजूच्या आकृतीत लूप गोल नव्हता, वर घट्ट वळलेला, उलटा टांगलेला थेंब असावा तसा. "कंपास घेऊन काढता येईना ह्यांना. खोटाच हाय," भाचा म्हणाला.

मी तीस वर्षं ह्या क्षणाची वाट बघत होतो. पॉलिटेक्निकला आम्हाला ट्रान्झिशन कर्व्ह शिकवला होता, रस्त्याच्या आणि रेल्वेच्या वळणावर हळूहळू आवळत जाणारा वक्र. देवघर ईशान्येला ठेवताना तो कधी कामी आला नाही. मी उठून उभाच राहिलो. पूर्ण गोल लूपमध्ये डबा वरून जेमतेम पार होईल इतक्याच वेगानं सोडला, तरी तळाशी माणसाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८९५ साली असा गोल लूप केला होता, बसणाऱ्यांच्या माना धरल्या. पुढं १९७६ साली कॅलिफोर्नियात रिव्होल्यूशन नावाचा कोस्टर झाला, त्यात वेर्नर स्टेंगेल या जर्मन इंजिनियरनं थेंबाचा आकार आणला, तेव्हा कुठं—

"ते आमाला म्हाईत हाय ओ काका," चष्मेवाला म्हणाला. "ह्याला नव्हतं म्हाईत."

मी बसलो.

खरा गुंता फुटिंगचा. रूळ नकाशात अर्धवटच होता, पण खांबांचे पाये सगळे दाखवलेले, दीडेकशे काळे ठिपके. ते जोडून पुढचा मार्ग ओळखायचा. तिघांनी तीन रंगांची स्केचपेनं घेतली. लाल कोस्टर डावीकडं वळून मोराच्या चोचीत शिरला, हिरवा स्वतःलाच दोनदा छेदून गेला, निळा सरळ पार्किंगमध्ये. आवाज इतके चढले की समोरच्या मावशी 'कुणाच्या वाटण्या चालल्यात?' म्हणून बघून गेल्या.

बायको शेंगाचटणी कुटता कुटता बाहेर आली. मिनिटभर कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. तिला कोस्टर म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण संक्रांतीला काठ्यांच्या मिरवणुकीच्या वाटेवर ती पहाटेपासून रांगोळीवर ओणवी असते.

"ठिपका उरतोय की," ती म्हणाली.

"कुठं, मामी?"

तिनं तिखटाच्या बोटानं दाखवलं. खरंच, तिन्ही रंगांनी तो चुकवला होता. "अन् हा जवळजवळचा चौकोन सोडून द्या. तिथं रेघ नसती, तिथं काहीतरी बसवायचं असतंय."

तिघं गप्प. मग लांब्या हळूच म्हणाला, "स्टेशन..." आणि अडीच तासांचं भांडण त्या लाल बोटाच्या ठशाभोवती नव्यानं सुरू झालं.

साडेनऊला मी कागदाची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. पोरं जिना उतरायला लागली. बायकोनं नेहमीसारखं "शेवटची पायरी बघून!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं, तोवर खालून धप्प आवाज आला.

आमच्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या साडेसहा इंचांच्या आहेत. शेवटची नाही.

"मामा, टेप टाका की ओ खाली!"

मी टाकली. काय करणार?

"नऊ इंच हाय बे!"

"प्लॅनमध्येच तशी असंल."

"येडा का काय? प्लॅन काकांचा हाय. गवंड्यानं घातलीय ही."

"कशावरून? मामा, ओ मामा, आपल्या घराचा प्लॅन हाय का?"

आहे. स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांखाली फळीवर अंथरलेला. मी नाही म्हणून सांगणार होतो, पण आतून डबे उचलल्याचे आवाज यायला लागले होते.