रक्तवाहिन्यांतील मूलपेशी आणि ‘कोणताही अवयव दुरुस्त होतो’ हा दावा

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शास्त्रज्ञांना अशी मूलपेशी, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशींना जन्म देऊ शकणारी पेशी, सापडली आहे की जी शरीरातला कोणताही अवयव दुरुस्त करते. ती रक्तातून फिरत जखमेपर्यंत आपोआप पोहोचते. ती काढून पुन्हा टोचली की हृदयाच्या धमन्यांतले अडथळे निघून जातात. पेशी स्वतःच्याच असल्याने अपाय संभवत नाही. आणि हे सारे औषध कंपन्यांनी दडपून ठेवले आहे, असा मजकूर मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्यात खऱ्या संशोधनाचे दोन-तीन तुकडे आहेत, म्हणूनच तो पटण्यासारखा वाटतो. परंतु काचेच्या बशीत एखाद्या पेशीकडून काय करवून घेता येते, शरीरात ती प्रत्यक्षात काय करते आणि ती टोचल्याने रुग्णाला गुण येतो का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि या मजकुराने पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या प्रश्नापुढे लिहून टाकले आहे.

पहिला मुद्दा, कोणताही अवयव दुरुस्त करणाऱ्या पेशीचा. पिट्सबर्गमधील ब्रूनो पेओ यांच्या गटाने २००८ साली मानवी स्नायू, चरबी, स्वादुपिंड अशा अनेक ऊतींमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना बिलगून असलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी वेगळ्या केल्या आणि योग्य पोषक द्रव्यात वाढवल्यास त्यांच्यापासून हाडाच्या, कूर्चेच्या व चरबीच्या पेशी तयार होऊ शकतात असे दाखवले. निष्कर्ष महत्त्वाचा होता, पण तो बशीतला होता. सिल्व्हिया एव्हान्स यांच्या गटाने २०१७ साली उंदरांमध्ये पेरिसाइटवर कायमची जनुकीय खूण केली आणि वय वाढताना व निरनिराळ्या इजांनंतर त्या खुणेच्या पेशींचे पुढे काय होते याचा माग घेतला. बशीत त्या पेशी खरोखरच मूलपेशींसारख्या वागल्या. शरीरात मात्र त्या पेरिसाइटच राहिल्या आणि इतर प्रकारच्या पेशींमध्ये त्यांचा म्हणण्यासारखा वाटा आढळला नाही.

या मजकुराला आधार वाटावा असे दुसरे संशोधन म्हणजे बर्कली येथील साँग ली यांच्या गटाचा २०१२ सालचा निबंध. धमनीच्या मधल्या थरात चेतापेशी, कूर्चा, स्नायू अशी अनेक रूपे घेऊ शकणाऱ्या मूलपेशी असतात, असे त्यात मांडले होते. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी तो निबंध उघडून पाहिला असता, तर या पेशी धमनी दुरुस्त करतात असे त्याचे म्हणणे नसून त्या धमनीच्या आजाराला हातभार लावतात, म्हणजे इजेनंतर वाढून वाहिनी जाड व कठीण करतात, असे आहे हे लक्षात आले असते. आधार म्हणून पुढे करता येईल असा निबंधच दाव्याच्या उलट्या दिशेला बोट दाखवतो. शिवाय त्या निष्कर्षावरही इतर संशोधकांनी लगेच आक्षेप घेतले. गॅरी ओवेन्स यांच्या गटाने २०१५ साली खुणेच्या पद्धतीने दाखवले की धमनीतील साचलेल्या थरात ओळख हरवलेल्या पेशींचा मोठा भाग हा धमनीच्या भिंतीतील पूर्वी परिपक्व असलेल्या मृदू स्नायुपेशींपासूनच आलेला असतो, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी मूलपेशी मानण्याची गरज उरत नाही.

दुसरा मुद्दा, रक्तातून फिरणाऱ्या दुरुस्तीपेशींचा. याचा उगम १९९७ सालच्या एका गाजलेल्या निबंधात आहे. ताकायुकी असाहारा आणि जेफ्री आयझनर यांनी बॉस्टनमध्ये मानवी रक्तातून अशा पेशी मिळवल्या की ज्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियमच्या, पूर्वज असाव्यात असे वाटत होते; म्हणून त्यांना एंडोथेलियल पूर्वजपेशी म्हटले गेले. पुढील दहा वर्षांत स्पष्ट होत गेले की या नावाखाली वाढवल्या जाणाऱ्या बहुतेक पेशी प्रत्यक्षात पांढऱ्या पेशींच्या कुळातील होत्या. त्या वाहिनीच्या वाढीला पोषक रसायने सोडतात, पण स्वतः अस्तर होत नाहीत. खरोखर अस्तर बनवू शकणाऱ्या पेशी मर्व्हिन योडर व डेव्हिड इनग्राम यांनी इंडियाना येथे ओळखल्या, पण त्या नाळेच्या रक्तात त्यामानाने अधिक आणि प्रौढ माणसाच्या रक्तात फारच विरळ असतात.

मग अस्तर सोलवटले तर ते भरून कोण काढते? बहुतांशी जखमेच्या कडेच्याच पेशी. लुईसा इरुएला-अरिस्पे यांच्या गटाने २०१८ साली उंदरांच्या महाधमनीत हेच दाखवले. त्याच वर्षी ओसाका येथील नोबुयुकी ताकाकुरा यांच्या गटाने मोठ्या वाहिन्यांच्या अस्तरातच राहणाऱ्या आणि सीडी१५७ या प्रथिनावरून ओळखता येणाऱ्या मूलपेशींचे वर्णन केले. म्हणजे ‘रक्तवाहिन्यांतील मूलपेशी’ ही कल्पना निराधार नाही. परंतु या पेशी अस्तर बनवतात, मूत्रपिंड किंवा मेंदू नव्हे. हृदयाकडे पाहिले तरी हे उमगते. स्टॉकहोममधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने पेशींतील किरणोत्सारी कार्बनवरून त्यांचे वय काढले, तेव्हा हृदयातील एंडोथेलियल पेशी दरवर्षी १५ टक्क्यांहून अधिक बदलतात, तर हृदयस्नायूच्या पेशी प्रौढ वयात वर्षाला जेमतेम १ टक्का किंवा त्याहून कमी, असे आढळले. हृदयातील प्रत्येक स्नायुतंतूला केशवाहिनी लगटून असते. तिच्यातील पेशी शेजारचा अवयव घडवू शकत असत्या, तर हृदयविकाराच्या झटक्यानंतर व्रण उरला नसता.

अडथळे निघून जाण्याचा तिसरा मुद्दा मुळातच चुकीच्या चित्रावर उभा आहे. धमनीतील अडथळा नळात साचलेल्या गाळासारखा पोकळीत पडलेला नसतो. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली वाढतो, आणि त्यात चरबी, भक्षक पेशी, स्नायुपेशी, तंतू व कॅल्शियम असतात. वर नवे अस्तर आले म्हणून हे सारे निघून जाण्याचे कारण नाही. माणसांवरील चाचण्याही उत्साह वाढवणाऱ्या नाहीत. पायांच्या धमन्या गंभीररीत्या बंद झालेल्या १६० रुग्णांवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली. काहींच्या धमनीत त्यांच्याच अस्थिमज्जेच्या पेशी व काहींच्या धमनीत पेशीविरहित द्रव वारंवार सोडण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांनंतर पाय कापावे लागण्याच्या प्रमाणात पेशींमुळे घट झाली नव्हती. हृदयाच्या बाबतीत तर पिएरो अनव्हेर्सा यांचे हृदयस्थ मूलपेशींवरील बहुचर्चित काम इतके संशयास्पद ठरले की हार्वर्डने २०१८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस केली. जेफरी मॉल्केन्टिन यांच्या गटाने नंतर दाखवले की उंदराच्या इजा झालेल्या हृदयात मेलेल्या पेशी टोचल्या तरी काही प्रमाणात तसाच लाभ दिसतो, कारण तो दाहप्रतिक्रियेतून येतो. पेशी हृदय घडवते म्हणून गुण येतो, ही समजूत यानंतर फारशी टिकत नाही.

स्वतःच्या पेशींनी अपाय होत नाही, हा चौथा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून माणसे सुई टोचून घेतात. अमेरिकेत फ्लोरिडा येथे तीन महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्यानंतर त्यांची दृष्टी अत्यंत क्षीण झाली किंवा गेली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. पेशी कोणाची, एवढाच प्रश्न नसतो. ती कोठे टोचली, कशी हाताळली आणि तेथे ती काय करील हेही प्रश्न असतात. नव्या वाहिन्या फुटणे प्रत्येक वेळी हिताचेच असते असेही नाही. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर फुटणाऱ्या वाहिन्याच दृष्टी घालवतात, आणि कर्करोगाची गाठ वाढण्यासाठी तिला नव्या वाहिन्या लागतात हे ज्युडा फोकमन यांनी १९७१ सालीच मांडले होते.

दडपणुकीच्या आरोपावर फार लिहिण्याची गरज नाही. येथे उल्लेखिलेले निबंध, अपयशी ठरलेल्या चाचण्यांसह, छापून आलेले आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अस्थिमज्जेच्या पेशी दिल्याने मृत्यू कमी होतात का हे तपासण्यासाठी युरोपात ३,००० रुग्णांची चाचणी आखली होती. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने ती ३७५ जणांवर थांबली, आणि एवढ्या संख्येवरून गटांची अर्थपूर्ण तुलना करता येत नाही, हे २०२० साली संशोधकांनी स्वतःच लिहून प्रसिद्ध केले.