अँटिकिथेराचं यंत्र आणि परग्रहवासीयांचा फॉरवर्ड

"ग्रीसच्या समुद्रात सापडला २००० वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर! नावातच अँटिक, म्हणजे ग्रीक भाषेत जुनी वस्तू. जगात असं दुसरं यंत्र नाही, तेव्हा हे परग्रहवासीयांचंच काम. शास्त्रज्ञांनी शंभर वर्षं दडवून ठेवलं." हा मेसेज पुन्हा फिरतोय.

नावाचं आधी उरकू. अँटिकिथेरा हे बेट आहे, किथेरा बेटाच्या समोरचं. ग्रीकमध्ये 'अँटी' म्हणजे समोर. 'अँटिक' मूळचा लॅटिन. ग्रीक लोक जुन्या शोभेच्या वस्तूंना 'अंतिका' म्हणतात खरं, पण तो शब्द त्यांनी इटालियनकडून उचललाय.

दडवलं कुणी? स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना १९०० मध्ये बुडालेलं जहाज सापडलं, १९०२ मध्ये पुरातत्त्वज्ञ व्हालेरियोस स्टाइस यांना त्यातून वर काढलेल्या एका गंजक्या गोळ्यात दातेरी चाक दिसलं. तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, तिकीट काढा आणि बघा. २००६ मध्ये एक्स-रे स्कॅनचे निष्कर्ष 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापूनही आले.

कॉम्प्युटर म्हणायला माझी फार हरकत नाही, पण त्यात ना वीज, ना प्रोग्रॅम. हे दातेरी चाकांचं पंचांग. ३० चाकं उरली आहेत. त्यातल्या एकाला २२३ दाते, कारण २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचं चक्र फिरून येतं. हा हिशोब बाबिलोनी लोकांना आधीपासून ठाऊक होता. चंद्र कधी जलद, कधी संथ चालतो, तेही यात बसवलंय: दोन चाकांचे मध्य किंचित सरकवलेले, एकावरची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत घसरते आणि गती कमी-जास्त होते. हे बघून मात्र खरंच तोंडात बोट जातं.

आता परग्रहवासी. यंत्रावर तीन हजारांहून जास्त अक्षरं वाचता आली आहेत, सगळी ग्रीक. महिन्यांची नावं कोरिंथ या ग्रीक शहराच्या वळणाची. एक छोटी तबकडी ऑलिंपियासारख्या खेळांचं चार वर्षांचं चक्र दाखवते. परग्रहावरच्या पाहुण्यांना ऑलिंपियाच्या कुस्त्यांची एवढी काळजी कशाला? शिवाय आर्किमिडीज आणि पोसिडोनियस या ग्रीक विद्वानांनी सूर्य-चंद्र-ग्रहांची चाल दाखवणारी उपकरणं केली होती, असं रोमन लेखक सिसेरोने लिहून ठेवलंय.

मग दुसरं का सापडत नाही? धातू महाग. मोडलेलं कांस्य लोक वितळवून पुन्हा वापरत. हे वाचलं, कारण ते जहाजाबरोबर बुडालं आणि भट्टीपर्यंत पोचलंच नाही.