‘थकवा रेडिएशनचा आहे, थायरॉइड कशाला तपासायचा?’

घशाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतरचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅन्सर थायरॉइडचा नव्हता, म्हणजे ती ग्रंथी सुरक्षित, तीन महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपला, नंतरचा थकवा अशक्तपणाचा, आणि टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढलाच तर आयोडीन घ्या, थायरॉइडच्या गोळीने ग्रंथी आळशी होते.

‘ग्रंथी सुरक्षित.’ थायरॉइड स्वरयंत्राच्या खालच्या भागाला लागूनच असते. मानेतल्या लिम्फ नोड्सना (लसिका गाठींना) ५० ते ७० ग्रे (किरणांचं माप) डोस देताना ती बहुधा किरणांच्या वाटेत येतेच. आयएमआरटीने, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार बदलणाऱ्या रेडिएशनने, तिच्यावरचा डोस कमी करता येतो, शून्य नाही. स्वरयंत्रासोबत अर्धी ग्रंथीही काढली असेल तर धोका आणखी वाढतो.

‘तीन महिन्यांनी नॉर्मल.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. ग्रंथीच्या बारीक रक्तवाहिन्या आणि पेशी हळूहळू निकामी होतात, त्यामुळे बिघाड बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतो, क्वचित दहा वर्षांनीही. मानेला रेडिएशन झालं असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच करायचाच, तोही वर्षानुवर्षं. नाकामागच्या घशाच्या कॅन्सरमध्ये पिट्युटरीलाही, म्हणजे मेंदूच्या तळाशी टीएसएच बनवणाऱ्या ग्रंथीलाही, डोस पोचतो. तिथे टीएसएच नॉर्मल दिसूनही फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) कमी असू शकतो, म्हणून दोन्ही तपासा. अशा रुग्णाला थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल हे अॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरकही बघावं लागतं.

‘थकवा अशक्तपणाचा.’ असेलही. पण सोबत थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता आहे, वजन वाढतंय, तर एक रक्ततपासणी पुरते. आवाज घोगरा होणं मात्र थायरॉइडवर ढकलून मोकळं होऊ नका. कॅन्सर परत आलाय का, हे दुर्बिणीनेच कळतं.

‘आयोडीन घ्या.’ इथे कमतरता आयोडीनची नाहीच, कारखानाच मोडलाय. उलट जादा आयोडीनने जखमी ग्रंथी आणखी मंदावू शकते. आणि लेव्होथायरॉक्सिनची गोळी ग्रंथीला आळशी करत नाही, तिला जे बनवता येत नाही तेच बाहेरून पुरवते. पूर्ण डोस साधारण दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १०० च्या आसपास. वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर सुरुवात १२.५ ते २५ पासून. टीएसएच पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी.

डोस बरोबर असूनही टीएसएच उतरत नसेल तर आधी गोळी घेण्याची पद्धत बघा. ती उपाशीपोटी, खाण्याआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत ४ तासांचं अंतर ठेवायचं. नळीतून आहार चालू असेल तर आधी आणि नंतर साधारण तासभर फीड थांबवायचं, गोळी बारीक करून पाण्यात कालवून लगेच द्यायची, मग नळी पाण्याने धुवायची. भुकटी नळीला चिकटून राहिली तर डोस पोटात पोचतच नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर टीएसएच खोटा कमी दिसू शकतो.