फॉर्म्युल्यात ३१२ नावं कोण कोंबतं रे?

आमचं विक्रीच्या रिपोर्टचं सॉफ्टवेअर म्हणजे क्लिकसेन्स, त्यातल्या एका फॉर्म्युल्यात ३१२ डीलरची नावं, हातानं टाईप केलेली, एकेक कॉमा देऊन. सांगलीच्या मार्केट यार्डात ऑफिसात बसून आज दुपारी हे बघितलं आणि डोकंच फिरलं राव. ज्यानं केलं तो नोकरी सोडून गेला, आणि कवठेमहांकाळचा नवा डीलर रिपोर्टात का दिसत नाही म्हणून शिव्या मी खातोय. वर परत सिंगल कोटात लिहिलेली नावं, म्हणजे अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. मास्टरमध्ये, म्हणजे डीलरच्या मूळ यादीत, कुणाच्या नावापुढं नुसतं 'अँड सन्स' लागलं की तो डीलर गायब!

प्रश्न काय होता? द्राक्षाच्या गेल्या ऑक्टोबर छाटणीला ज्यांनी आपलं डावणीचं (बुरशीचा रोग) औषध उचललं, त्याच डीलरनी यंदा एकूण किती माल घेतला. सगळा माल, भुरीचं औषध, खतं, टॉनिक, सगळं. आता क्लिकसेन्समध्ये सरळ फिल्टर लावला, औषध डावणीचं, तर बेरीज फक्त डावणीच्याच औषधाची येणार ना. अट एका बिलावर आणि बेरीज दुसऱ्याच बिलांची पाहिजे, असं असलं की इनडायरेक्ट सेट अॅनालिसिस लागतं, म्हणजे बेरजेच्या फॉर्म्युल्यातच दुसऱ्या अटीवरनं काढलेली यादी वापरायची, त्याच्यासाठीच ते आहे! पी फंक्शन घ्यायचं, पी म्हणजे पॉसिबल, त्याच्यात गेल्या वर्षीची अट टाकायची, ते डीलरची यादी स्वतः काढतं आणि बाहेर त्या यादीवर यंदाची बेरीज. अटीत बसणारा नवा डीलर आला, आपोआप आत. टाईप करायचं एक पण नाव नाही.

आणि हे एकदा शिकवलं तर दुसरीच तऱ्हा. आमच्यातल्या एकानं सगळीकडंच पी घुसवला. नुसती डावणीच्या औषधाची विक्री पाहिजे होती, त्याला पण पी! अरे बाबा, औषध त्याच ओळीत लिहिलंय, रक्कम त्याच ओळीत आहे, सरळ अट लिही की. त्यानं झालं काय, ते औषध घेणाऱ्या डीलरचा सगळाच माल मोजला गेला, आकडा फुगला, साहेब खूश झाले आणि त्या आकड्यावर स्टॉकची ऑर्डर निघाली. आता गोडाऊनमध्ये ती खोकी पडून आहेत, आणि एक्स्पायरी काय कुणासाठी थांबत नाही.

ई फंक्शनचं तर नावच काढू नका. ई म्हणजे एक्सक्लुडेड, अटीत न बसणारे सगळे. 'तुटलेले डीलर', म्हणजे गेल्या वर्षी घेतलं पण यंदा नाही असे, काढा म्हटल्यावर एकानं ई लावून यंदा न घेणारे सगळे काढले. त्यात ज्यांचा नुसता कोड उघडलाय आणि कधीच एक बाटली नेली नाही ते पण आले, दुकान बंद करून बसलेले पण आले. आमचा सेल्समन बिचारा भर उन्हात गाडी मारत जतला गेला, तर तिथं शटरला गंज. गेल्या वर्षीचा पी वजा यंदाचा पी, एवढंच लिहायचं होतं! एका माणसाचा अख्खा दिवस वाया गेला त्याचं कुणालाच काही वाटत नाही, याचा मला जास्त राग येतो.

आणि पीच्या आतल्या सेटला डॉलरचं चिन्ह द्यायचं का १, हे कोण बघतच नाही. डॉलर म्हणजे चालू सिलेक्शन. साहेबांनी नोव्हेंबरवर क्लिक केलं की आतली यादी पण गेल्या नोव्हेंबरपुरतीच होते, मग 'कालचा आकडा वेगळा होता' म्हणून फोन. १ म्हणजे सगळा डेटा, तो दिला की सिलेक्शनचा यादीवर परिणाम नाही.

आता नवीन मागणी, प्रत्येक तालुक्याच्या ओळीत त्या तालुक्याचा सगळ्यात मोठा डीलर दाखवा, 'तुझा तो पी लाव'. नाही लागत! सेट अख्ख्या चार्टला एकदाच मोजला जातो, ओळीओळीला नाही, तिथं अॅग्र लागतं, ते फंक्शन गटागटानं वेगळा हिशोब करतं. चार वेळा सांगितलं. चार वेळा.

इकडं आभाळ भरून आलंय. पाऊस पडला की डावणी येणार, मग कुणाला आधी फोन करायचा ते ह्याच यादीवरून ठरतं, बागायतदाराला फवारणीला दोन दिवस उशीर म्हणजे घड गेले. म्हणून आज रात्री बसून मी ती ३१२ नावं खोडतोय, आणि परत कुणी त्यात हातानं एक जरी नाव टाकलं ना, तर त्याचं एडिटचं राईटच काढून घेणार, मग तो साहेबांचा माणूस असू दे नाहीतर कुणाचा.